पाणी एकीचं, भांडं दुसरीचं

आमच्या घरमालकीण बाई भांडं विकत घ्यायला निघाल्या की पिशवीत पाण्याची बाटली टाकायच्या. पिण्यासाठी नव्हे. कर्जतच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर त्या चक्क मांडी घालून बसायच्या, बाटलीतलं पाणी तांब्यात ओतायच्या, तांब्यातलं वाटीत, वाटीतलं परत तांब्यात. काठावरून पाणी ओघळतं का, एकदम बदकन पडतं का, लहान पोराच्या मनगटाला जड जाईल का, हे सगळं बघून झालं की निम्म्या वेळा तो तांब्या परत फळीवर जायचा. दुकानदार बिचारा वैतागायचा. एकदा म्हणाला, "बाई, अख्खी दहिवली माझ्याकडनं तांबे नेते. पाणी भरतात नि पितात. तुमचं काय येगळं हाय?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "भरायचा तांब्या कसाबी चालतो रं. मला ओतायचा पायजे."

मी तेव्हा त्यांच्या शेजारी उभी होते आणि रस्त्यावरची माणसं आमच्याकडे बघून हसत होती. मी दुसरीकडे तोंड करून समोरच्या दुकानातल्या छत्र्या बघत राहिले, जशी काही मी यांच्याबरोबर आलेलीच नाही. आज त्या गोष्टीची मला लाज वाटते. बाईंची नाही, माझी.

शेलूला आम्ही फ्लॅट बुक केला होता आणि ताबा काही मिळत नव्हता, म्हणून दहिवलीत बाईंच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. नवरा ठाण्याला कामाला, तो उजाडायच्या आत घर सोडायचा आणि रात्रीच्या जेवणाला परत यायचा. मी कुंभिवलीजवळच्या एका कारखान्यात क्वालिटीत. दिवसभर मोजायचं, नोंदवायचं, कुठे काय कमी पडलं ते शोधायचं, हे माझं काम. आणि खरं सांगायचं तर स्वभावही तोच. थोरली मुलगी सहा वर्षांची होती, सकाळच्या शाळेत जायची. धाकटीला नुकती तीन पूर्ण झाली होती आणि ती बोलत नव्हती.

म्हणजे अजिबात नाही. आई नाही, बाबा नाही, पाणी नाही. काही हवं असलं की आमचं बोट धरून ओढत न्यायची आणि "अं, अं" करायची. सासरचे म्हणायचे, बोलेल गं, आमच्याकडे सगळे उशिराच बोललेत. माहेरचे म्हणायचे, तू नोकरी करतेस ना, म्हणून. मी दोन्हीकडच्यांवर चिडायचे. मग आंघोळ करताना नळ मोठा सोडून एकटीच रडायचे.

बाई अंगणवाडी सेविका होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. मी कामावर असताना मुलींना सांभाळाल का, असं मी घाबरत घाबरतच विचारलं. त्यांनी धाकटीकडे बघितलं, तिच्यामागे जाऊन हळूच टाळी वाजवली. ती वळली.

"कान तपासलेस का हिचे?"

"ऐकू येतं हो तिला. बघा, वळली की."

"माझ्या टाळीला वळली. डॉक्टरला इचार. माझ्या हातानं कान उघडत नायत."

मला राग आला होता, पण पनवेलला जाऊन कान तपासून आणले. कान उत्तम होते. तिथल्याच एका बोलणं शिकवणाऱ्या मॅडमकडे महिन्यातून दोनदा जायचं ठरलं. रिपोर्ट घेऊन परत आले तेव्हा बाईंनी तो दोन्ही बाजूंनी नीट बघितला, घडी घालून मला परत दिला आणि म्हणाल्या, "बरं. आता पोरी माझ्याकडे दे. पण एक सांगते, माझ्या घरात दुपारी पाणी असतं."

मला वाटलं नळाला पाणी येण्याची वेळ सांगताहेत.

ती गोष्ट वेगळीच होती. मागच्या अंगणात कपडे धुवायचा दगड होता, एका कडेला कढीपत्ता आणि अळू. तिथे रोज दुपारी, माझ्या सुट्टीच्या दिवशीही, बाई एक छोटी बालदी भरून ठेवायच्या. एकच. ती संपली की खेळ संपला, मग कोणी कितीही लोळण घेतली तरी दुसरी मिळायची नाही. आणि दोघी बहिणींत एकीकडे पाणी, दुसरीकडे भांडं. आज थोरलीची बालदी आणि धाकटीचा तांब्या, उद्या उलटं. भांडंवालीनं मागायचं. "कसंबी माग, पण माग. हिसकायचं नाय. आन देणारीनं मागितल्याबिगर द्यायचं नाय." हा त्यांचा कायदा. एकट्या मुलाला त्या पाणी देतच नसत. शेजारचं कोणी एकटं आलं तर सांगायच्या, जा, घरातनं भाऊ घेऊन ये, नायतर चुलत भईण आण.

"सर्दी होईल हो," मी पहिल्याच दिवशी म्हणाले.

"झाली तर पुसू."

त्यांच्या घरात भांडी कमी आणि भोकं जास्त असं मी नवऱ्याला सांगायचे. गल्लीतल्या बायका रिकामे पावडरचे आणि तेलाचे डबे त्यांच्याकडे आणून टाकायच्या, आणि बाई सकाळी चहा झाला की खिळा नि हातोडी घेऊन त्यांना भोकं पाडत बसायच्या. सकाळी सात वाजता ठाक ठाक ठाक. एकाच्या बुडाला भोक, त्याचं नाव रडका. एकाच्या पोटाला भोक, त्याची धार लांब उडायची, त्याचं नाव मुतऱ्या. हे नाव कानावर पडलं की माझ्या दोन्ही पोरी हसून जमिनीवर पडायच्या. मी नाक मुरडायचे. पण धाकटी हसताना तिच्या गळ्यातून जो आवाज यायचा तो ऐकायला मी दाराआड उभी राहायचे, हेही खरं.

आणि नजर. बालदी भरलेली असली की बाईंची नजर तिथून हलायची नाही. एकदा वीजमीटर बघणारा माणूस दाराशी आला. बाई मागच्या अंगणातूनच ओरडल्या, "थांबा." तो थांबला. पाच मिनिटांनी त्याने परत हाक मारली. "पोरी पाण्यात हायेत, थांबा." तो उन्हात पाऊण तास थांबला आणि मग निघून गेला. पुढल्या महिन्यात बिल अंदाजे आलं. मी कुरकुरले, तर म्हणाल्या, "घोटाभर पाणी असलं तरी पोराला पुरतं बुडायला. बिल काय, भरू."

त्यांची एक धाकटी बहीण खालापूरला राहायची. तिचा दुपारी फोन यायचा आणि या उचलायच्या नाहीत. मग संध्याकाळी दोघी स्पीकर लावून अर्धा तास कडाकडा भांडायच्या, फोन का उचलला नाहीस यावरून. दुसऱ्या दिवशी बहीण परत बरोबर दुपारीच फोन करायची.

मुलींचं म्हणाल तर पहिला महिनाभर मला नुसता चिखलच दिसला. मग हळूहळू बारीकसारीक दिसायला लागलं. धाकटी आधी तांब्या सरळ उपडा करायची. पाणी सगळं पायावर. नंतर मनगट वळवून, जीभ बाहेर काढून, हळू धार सोडायला लागली. आणि एके सकाळी तिने स्वतःच्या फ्रॉकचं बटण स्वतः लावलं. मी चहाचा कप हातात धरून बघत राहिले. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मनगट वळलं ना, मग बटण लागणारच की."

थोरलीला कळलं होतं की एका बालदीत दोघींचा खेळ लांबवायचा असेल तर सांडायचं जपून. शाळेत गणिताला कंटाळणारी माझी पोर, किती तांबे उरलेत ते बालदीत डोकावून बरोबर सांगायची. एकदा ती धावत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आई, छोटीला जादू येते." जाऊन बघते तर धाकटीने रडक्या डब्याच्या तोंडावर तळवा गच्च दाबून धरला होता आणि खालची गळती थांबली होती. तळवा उचलला की रडका परत रडायचा. हे तिचं तिला सापडलं होतं, आणि ती तिच्या ताईला पुन्हा पुन्हा करून दाखवत होती. मी लगेच खाली बसले आणि सुरू झाले, "हे बघ, याला हवेचा दाब म्हणतात, वरून हवा आत जात नाही ना, म्हणून..."

"तुला कोणी इचारलं?" बाई पाटावरून म्हणाल्या.

थोरलीने हसू दाबलं.

अंगणवाडीत होत्या तेव्हाही त्या अशाच. रजिस्टरमध्ये 'आजचा खेळ' असा एक रकाना असायचा. त्यात त्या रोज लिहायच्या, पाणी. पर्यवेक्षिका मॅडम म्हणाल्या, अहो, रोज एकच काय लिहिता, जरा वेगळं लिहा. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी लिहिलं, तेच पाणी. ही गोष्ट मला गल्लीतल्या तिघींनी तीन वेळा सांगितली आणि प्रत्येक वेळी बाई तिथेच बसलेल्या असून त्यांनी ना हो म्हटलं ना नाही.

एकच बालदी का, असं मी एकदा विचारलं होतं. आता तर नळाला पाणी आहे, आणि बाईंच्या घरात पिंपही भरलेलं असायचं. त्या दिवशी वैशाख पौर्णिमा होती, त्यांनी खीर केली होती आणि आम्ही दोघी वाट्या घेऊन ओट्यावर बसलो होतो. म्हणाल्या, "आमच्या वस्तीला येगळी विहीर होती. उन्हाळ्यात तिचा तळ दिसायचा. गावाच्या विहिरीवर आमी जायचं नाय. आई नदीवरनं डोईवर हंडे आणायची. त्यात खेळायला कोण देणार पाणी? पण माझी आई द्यायची. दोघींत एक तांब्या. मी ओतायची, भईण ओंजळ धरायची. मग तिच्या ओंजळीतलं माझ्या ओंजळीत. आई म्हणायची, सांडलं तर सांडू दे, पण भांडून सांडू नका. दुपारभर पुरायचं गं ते तेवढंसं पाणी." मग वाटी खरवडत म्हणाल्या, "आजची पोरं बघते, दोघांना दोन मोबाईल. एकमेकांकडे काय मागायचंच उरलं नाय."

मी मान डोलावली. मला ते पटलं, म्हणजे ऐकायला छान वाटलं. कळलं काहीच नव्हतं, हे पुढे दिसलंच.

त्यानंतर काही आठवड्यांनी कारखान्यात वीज गेली आणि आम्हाला अर्ध्या दिवसात सोडलं. मी दुपारी घरी आले, थेट मागच्या अंगणात गेले. बघते तर थोरलीने बालदी पायांमागे लपवलेली, दोन्ही हात मागे धरलेले, आणि समोर धाकटी रिकामा तांब्या पुढे करून रडत होती. रडत म्हणजे चेहरा लालबुंद, ओठ वाकडे, तोंड उघडतंय, मिटतंय. थोरली नुसती बघत होती. देत नव्हती. आणि बाई पाटावर बसून हेही बघत होत्या.

माझं डोकंच फिरलं. जिला तोंड नाही त्या पोरीला एवढं छळायचं? मी पुढे झाले आणि थोरलीच्या पाठीत धपाटा घातला. चांगला जोरात. मग बालदी ओढली आणि धाकटीचा तांब्या काठोकाठ भरून दिला.

थोरली रडली नाही. तिने बाईंकडे बघितलं. बाई उठल्या, उरलेली बालदी उचलून अळवात ओतली आणि म्हणाल्या, "आज संपला खेळ."

रविवारी मी खोपोलीला जाऊन दोन टब आणले. एक गुलाबी, एक निळा. दोन मग, दोन झाऱ्या. कारखान्यात दोन मालांची सरमिसळ होत असली की आम्ही दोन लाइनी वेगळ्या करतो, तसंच. भांडण नको, रडणं नको. बाईंसमोर टब ठेवले तेव्हा मला फार शहाणं वाटत होतं. बाई म्हणाल्या, "बरं." एवढंच.

आठवडाभर अगदी शांतता. गुलाबी टब एका कोपऱ्यात, निळा दुसऱ्या. दोघी एकमेकींकडे पाठ करून खेळायच्या. मी नवऱ्याला सांगितलंसुद्धा, बघ, किती सोपं होतं.

शुक्रवारी बाई मला म्हणाल्या, "तू मोजणारी ना? मग सांग, धाकटीनं आठवडाभरात किती वेळा आवाज काढला?"

मी आठवून बघितलं. आठवेना. रात्रीच्या जेवणाला तिच्याकडे लक्ष ठेवलं. तिने भात स्वतः ओढून घेतला, पाणी स्वतः घेतलं. बोट धरून ओढणं नाही, अं नाही, काही नाही. जी थोडीफार कुरकुर होती तीही गेली होती. जेवण तसंच टाकून मी बाईंकडे गेले.

"दोघींना दोन दिलंस," बाई म्हणाल्या. "मग एकीला दुसरीचं काय काम उरलं? ती तुझ्याशी बोलणार नाय एवढ्यात. डॉक्टरणीशी पण नाय. पोर आधी पोराशी बोलतं. त्या दिवशी ओठ कसे करत होती बघितलंस? शब्द गळ्याशी आला होता तिचा. आन तू तांब्या भरलास."

मी तिथेच ओट्यावर बसले. माझ्याच मुलीचा पहिला शब्द मी माझ्या हाताने परत आत ढकलला, हे कळल्यावर आईला कसं वाटतं ते मला सांगता येणार नाही. टब मी दुसऱ्याच दिवशी कंपनीतल्या एका मैत्रिणीला देऊन टाकले.

एक बालदी परत आली. पण खेळ परत आला नाही. कारण आता थोरली थांबेना. धाकटीने तांब्या उचलायच्या आत ती भरून द्यायची. बालदी धाकटीकडे असली तर स्वतः मागायचीच नाही, रिकामं भांडं मांडीवर घेऊन बसायची. आणि पाणी देताना सारखी दाराकडे बघायची, मी आले का म्हणून. सहा वर्षांची पोर. बाई तिला समजावून थकल्या. पनवेलच्या मॅडमनीही विचारलं, मधे जरा आवाज यायला लागले होते, आता काय झालं?

शेवटी बाईच म्हणाल्या, "हे माझ्याच्यानं सुधरायचं नाय. तू मारलंस, तूच बस. उद्या दुपारी ये. भांडं तू घे."

मी रजा काढली नाही, दोन तास मागून घेतले. कंपनीचा पांढरा शर्ट नि पँट अंगावर, तशीच त्या ओल्या फरशीवर उकिडवी बसले, हातात तांब्या. थोरलीकडे बालदी. धाकटीकडे आज काहीच नव्हतं, ती दगडावर बसून पाय हलवत होती. बाई पाटावर.

"दे ना गं पाणी," मी म्हणाले.

थोरलीने लगेच बालदी उचलली.

"थांब," बाई म्हणाल्या. "द्यावंसं वाटलं तर दे. आई हाय म्हणून देऊ नको."

थोरलीने बालदी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे, मग परत माझ्याकडे. आमच्या घरात आईने मुलाची माफी मागायची पद्धत नाही. माझ्या आईने कधी मागितली नाही, मलाही ते शब्द तोंडात बसेनात. पण दुसरं काही सुचेना.

"त्या दिवशी मी तुला मारलं," मी म्हणाले. "माझं चुकलं. तुझं काहीच चुकलं नव्हतं."

तिने बालदी हळूच पायांमागे ओढली आणि हात मागे बांधले. आणि तशीच उभी राहिली.

मी परत मागितलं. तिने मान हलवली, नाही. माझ्या पायांना रग लागली, मी खाली टेकले, पँट मागून भिजली, घड्याळात बसची वेळ होत आली होती. तिसऱ्यांदा मागितलं. नाही. माझा पारा चढायला लागला, हे मी कबूल करते. बाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी मान खाली घातली. आता मला खरंच ते पाणी हवं होतं. तिने द्यावं म्हणून हवं होतं.

तेवढ्यात धाकटी दगडावरून उतरली. थोरलीजवळ गेली आणि तिचा फ्रॉक धरून ओढला.

"दे," ती म्हणाली.

थोरली मात्र जागची हलली नाही. "कोणाला?" तिने विचारलं.

धाकटीने माझ्याकडे बोट केलं.

"बोटाने नाही. कोणाला?"

धाकटीचा चेहरा लाल झाला. ओठ पुढे आले, मिटले, परत उघडले. मला वाटत होतं आता उठावं, तिला जवळ घ्यावं, पुरे करावं. मी तांब्या दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले.

"आई," ती म्हणाली. "आई दे."

थोरलीने बालदी उचलली, दोन पावलं पुढे आली आणि ती अख्खी माझ्या डोक्यावर ओतली.

मी रडले. तोंडावर हात न घेता, मोठ्याने, लहान पोरासारखी रडले. थोरली घाबरली, तिला वाटलं पाणी डोळ्यांत गेलं. धाकटी मला बघून खदाखदा हसत होती आणि "दे, दे, दे" करत टाळ्या वाजवत होती. बाई पाट उचलून भिंतीला टेकवत म्हणाल्या, "बालदी संपली. उठा आता, कपडे बदला."

त्या दिवशी मी कामावर गेले नाही.

बोलणं काही एका दिवसात आलं नाही. दे आलं, मग नको आलं, मग ताई. पनवेलच्या मॅडमचे व्यायाम चालूच होते. त्यांनी विचारलं, घरी काय करता? मी सगळं सांगितलं. त्यांनी तो बालदीचा कायदा माझ्याकडून कागदावर लिहून घेतला आणि म्हणाल्या, हे अजिबात बंद करू नका. कशाने किती फरक पडला हे मला सांगता येणार नाही. इतकी वर्षं मोजण्यात घातलेली बाई मी, पण हे मोजायला गेले नाही. पण ऋण कोणाचं ते मला माहीत आहे.

दीड वर्षाने शेलूच्या फ्लॅटची किल्ली मिळाली. निघायच्या दिवशी मी बाईंसाठी साडी घेऊन गेले. खूप काही बोलायचं ठरवून गेले होते आणि त्यातलं एकही वाक्य धड पुरं झालं नाही. बाईंनी साडी मांडीवर घेतली, पदर उलगडून बघितला, रंग आवडला म्हणाल्या.

"साडी ठेवते," त्या म्हणाल्या. "आभार नको. ते ज्याचे हायेत त्याला दे. मी नुसती पाटावर बसले होते. समोर रडणाऱ्या भईणीला पाणी न देता उभं राहायचं, हे सहा वर्षांच्या पोरीनं केलं. तिला कधी सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. माफी मागितली होती, पण हे नव्हतं सांगितलं. माझ्या मनात ती अजूनही मोठी, समजूतदार, जरा हट्टी मुलगी होती, आणि काळजी सगळी धाकटीची.

घरी आले. थोरली तिची पुस्तकं खोक्यात भरत होती, धाकटी त्याच खोक्यात बसली होती आणि दोघींची जागेवरून हुज्जत चालली होती. मी थोरलीजवळ खाली बसले.

"छोटी बोलायला लागली ना, ती तुझ्यामुळे," मी म्हणाले. "मला तुझे खूप आभार मानायचे होते. राहूनच गेलं."

तिने हातातलं पुस्तक खाली ठेवलं नाही. "मला माहितीये," म्हणाली.

"काय माहितीये?"

"बाईंनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं. छोटीचं बोलणं यायचंय, ती मागेपर्यंत थांबायचं, रडली तरी थांबायचं. आणि मोठ्या माणसांना हे जमत नाही, तुला जमेल का, असं विचारलं होतं. मी हो म्हटलं."

म्हणजे त्या दुपारी, हात मागे बांधून उभी असताना, तिला सगळं माहीत होतं. मी धपाटा घातला तेव्हाही.

"मग मी मारलं तेव्हा सांगितलं का नाहीस गं मला?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नुसतंच.

"तू विचारलं कुठे?"

मग मी विचारलं. सामान तसंच टाकून, भिंतीला पाठ लावून बसले आणि विचारलं, त्या दुपारी काय काय झालं, अगदी पहिल्यापासून सांग. ती सांगायला लागली. छोटीने आधी तांब्या कसा आपटला, मग ओठ कसे केले, तिला स्वतःला किती रडू येत होतं आणि तिने ते कसं आवरलं. आणि धाकटी खोक्यातून डोकं वर काढून, दर वाक्याला तिला तोडत, "ताई, तसं नव्हतं. तसं नव्हतंच. मी सांगते," म्हणत होती.